दुसऱ्या रांगेतून

राजाच्या राज्याभिषेकासाठी लिहिलंय हे, सातपुते सर म्हणाले,
परमुलखातल्या, मरून शेकडो वर्षं झालेल्या.
बेसमधल्या गजेंद्रनं विचारलं, "मग कुस्त्या ठेवल्या होत्या का संध्याकाळी?"
गजेंद्र एकेकाळी लाल मातीत घुमायचा,
आता उद्यमनगरात फौंड्रीत साचे भरतो.
त्यानं खालचा सूर लावला
की बाकाचे खिळे हलतात.

पाच महिने, बुधवार आणि शनिवार,
चर्चमागच्या रविवार-शाळेच्या खोलीत
बालवर्गाच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून
परके शब्द आम्ही देवनागरीत बसवले.
मार्था हिवाळेची ओळ केसपेपरच्या पाठीवर,
तिथून ती थेट सीपीआरला, रात्रपाळीला.
एझ्रा चोपडे केएमटीतून निवृत्त. टेनर.
थांबा यायच्या आधीच दारात उभा राहणार,
आणि सर ओरडणार,
"चोपडे, घंटी कुणी दिली?"

मी अल्टो.
अल्टोला चाल नसते.
सोप्रानो वर जरीकाठ मिरवत जातात,
आम्ही आतून लावलेला फॉल.
सलग अकरा मात्रा एकच सूर,
मग अर्धी पायरी खाली,
मग परत तोच.
घरी भांडी घासताना म्हणत होते,
तर नवरा उठून फ्रीजला कान लावून उभा.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे सुरुवात.
तिथं गायचंच नसतं.
ऑर्गन एकटा वाजत राहतो, लाट चढावी तसा,
आता, आता, म्हणता म्हणता
अजून नाही.
"राजा दारात आहे," सर म्हणायचे,
"पायघड्यांवरनं येतोय. त्याला चालू द्या."
आम्ही पदराआड बोटांवर मात्रा मोजत
तोंड मिटून त्याला चालू द्यायचो.

दसरा चौकातल्या सभागृहात त्या दिवशी
पहिल्या रांगेत मधोमध
टॉवेल घातलेली एक खुर्ची रिकामी होती.
नगरसेवक येणार होते. साडेसहाला.
साडेसात झाले. सरांनी घड्याळ उलटं करून खिशात टाकलं
आणि ऑर्गन सुरू झाला.

लाट निम्म्यावर, आणि मागचं दार उघडलं.
पांढरे कपडे, मागे चौघं, एकाच्या हातात नारळ.
ते मधल्या वाटेनं चालत आले.
मी मोजत होते. सतरा. अठरा.
खुर्चीपाशी पोचले, टॉवेलावर हात ठेवला,
बावीस,
सरांचा हात वर गेला
आणि एकतीस तोंडं एकदम उघडली.

ते दचकले. मग त्यांनी हात जोडले.
आम्हाला, मग उजवीकडे, मग वर बाल्कनीला.
गजेंद्रचा सूर ढळला नाही,
खांदे मात्र गदागदा हलत होते.

साहेब बसेनात, म्हणून मागची रांग उठली.
ती उठली म्हणून तिच्या मागची.
बघता बघता सगळं सभागृह उभं,
कुणालाच ठाऊक नाही कशासाठी.
आणि त्या उभ्या माणसांवर आदळून
माझा सूर माझ्याकडे परत आला,
पाच महिन्यांत पहिल्यांदा. चाल नव्हतीच त्याला.
पण वरचं सगळं त्याच्यावर उभं होतं
आणि त्याचे पाय दुखत नव्हते.

साहेबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.
बसायचं कधी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
तोंड किंचित उघडं राहिलं होतं,
देवळात चुकलेल्या पोरासारखं.
मला वाटलं, तो खरा राजाही
असाच उभा असेल, डोक्यावर ते ओझं,
मान अवघडलेली,
आणि उदंड आयुष्य मागणारे एवढे गळे.
दुसऱ्या रांगेतली बाई काय म्हणतेय
ते त्याला कुठलं कळायला?

नंतर चहाला साहेब म्हणाले,
"माझ्यासाठी एवढं बसवलंत? लई झालं हो."
सर मान हलवून म्हणाले, "साखर घ्या."

मार्था ड्यूटीला गेली होती.
एझ्रा सगळ्यांच्या आधी रिक्षात.

बुधवारी खोली उघडली.
खुर्च्या तेवढ्याच होत्या, तेवढ्याच लहान,
आणि एकीवर खडूनं कुणीतरी
वाकडातिकडा एक हत्ती काढला होता.
मी दुसरी घेतली.